वाळूजमध्ये शिवलेलं कुशन आणि एका मणक्याचा दावा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं हे प्रकरण आहे. दुचाकीच्या सीटांसाठी फोम कापून देणं आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणं हे कारखान्याचं मूळ काम. मालक मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. पुण्यात नोकरीला असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ते ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकले, आणि इकडे परत येऊन कारखाना टाकल्यावरही तो नाद सुटला नाही. त्या नादातून त्यांनी ग्लायडर पायलटांसाठी एक कुशन तयार केलं. विक्री सुरू होऊन वर्ष उलटलं आणि त्यांच्या हातात वकिली नोटीस पडली.

लघुउद्योजकांचे करार आणि विमे पाहणं हे माझं काम, म्हणून ती नोटीस माझ्या टेबलावर आली. मालकांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून हे लिहितो आहे. हार्नेस, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट यांपैकी काहीही स्वतःच्या लेबलखाली विकणाऱ्याला यातला बराच भाग जसाच्या तसा लागू पडेल.

आधी कुशनबद्दल, कारण ते समजल्याशिवाय दावा कळणार नाही.

ग्लायडरमध्ये पायलट पाय पुढे पसरून, जवळपास आडवा बसतो. त्याची बैठक जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर असते. मोटार समोरून धडकली तर बॉनेट चुरगळत जातं आणि धक्क्याचा बराच भाग तिथेच जिरतो. ग्लायडरच्या सीटखाली चुरगळायला जागाच नसते. उतरताना ग्लायडर जोरात आदळलं की धक्का थेट पाठीच्या कण्यात चढतो, आणि छातीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला मणका दाबला जाऊन मोडतो. ग्लायडर पायलटांना होणारी ही नेहमीची गंभीर इजा आहे.

साधा स्पंज बुडाखाली घेतला तर आराम मिळतो, पण धोका वाढतो. सीट जमिनीबरोबर थांबलेली असते आणि शरीर मात्र स्पंज दाबत खाली येतच राहतं. स्पंज संपला की ते वेगाने कडक सीटवर आपटतं. मोकळ्या सीटवर लागला असता त्याहूनही मोठा धक्का अशा वेळी मणक्याला बसू शकतो. म्हणून या कामासाठी वेगळा फोम लागतो. हळू दाबला तर तो दबतो, अचानक दाबला तर अडतो आणि धक्क्याची ताकद स्वतःत जिरवतो. ब्रिटनमधले डॉक्टर आणि ग्लायडर पायलट टोनी सेगल यांनी अशा फोमच्या आघात चाचण्या केल्या होत्या. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनही पायलटांना मऊ उशा टाळून ऊर्जा शोषणारं कुशन वापरायला सांगते.

या फोमला एक खोड आहे, आणि आपल्या भागात तिला फार महत्त्व आहे. तापमान चढलं की तो मऊ पडतो, उतरलं की कडक होतो. कारखान्यात पंख्याखाली अंगठ्याने दाबून पाहिलेला फोम आणि मे महिन्यात भर दुपारी, बंद कॅनोपीखाली (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाखाली) तासभर तापलेला तोच फोम यांच्या वागण्यात मोठा फरक पडतो. त्यामुळे उष्ण प्रदेशासाठी वरच्या कडकपणाची ग्रेड निवडावी लागते, नाहीतर एकावर एक दोन ग्रेडचे थर लावावे लागतात.

आमच्या उद्योजकांना हे माहीत होतं. त्यांनी निवडलेली ग्रेड योग्य होती. परदेशी कंपनीच्या फोमच्या शीट ते मुंबईच्या वितरकाकडून घेत, वाळूजला कापत, वर कापडी कव्हर शिवत आणि त्यावर स्वतःचं लेबल लावत. किंमत ६,८०० रुपये. माल चांगला होता, हे मी इथेच सांगून ठेवतो.

घटना परराज्यातल्या एका धावपट्टीवर घडली. एका पायलटाने कुशन स्वतःसाठी विकत घेतलं होतं. त्या दिवशी दोन आसनी ग्लायडरच्या मागच्या सीटवर त्याचा एक पायलट मित्र बसला आणि कुशन त्याला दिलं गेलं. सीटवर क्लबची जुनी स्पंजची गादी होती, कुशन तिच्यावरच ठेवलं. मे महिना, दुपारची वेळ. उतरताना ग्लायडर आदळलं. पुढच्या पायलटाची पाठ दुखावली, मागच्या मित्राचा कमरेचा पहिला मणका मोडला. ऑपरेशन झालं, कित्येक महिने काम बंद राहिलं. नोटिशीत मागणी होती ८५ लाखांची.

"सर, फोम माझा नाही ना. मी तर नुसता कापून शिवला," हे उद्योजकांचं पहिलं वाक्य होतं. दुसरं, "आणि ज्याला लागलं त्याला मी कुशन विकलंच नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण दोन्हींचा उपयोग नव्हता.

दुसरी आधी घेतो, कारण ती सोपी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ विकत घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही ग्राहक मानतो. ग्राहक मरण पावला तर त्याचे वारस तक्रार करू शकतात. म्हणून "वापरणारा स्वतःच्या जबाबदारीवर वापरत आहे" असा कागद खरेदीदाराकडून सही करून घेतला, तरी ज्याने त्यावर सही केलीच नाही अशा मित्राला किंवा विधवेला तो बांधत नाही. असे छापील नमुने पुष्कळ कारखानदार बाळगून असतात आणि निर्धास्त राहतात. मला त्या निर्धास्तपणाची काळजी वाटते.

पहिली गोष्ट जास्त खोल आहे. या कायद्याचं सहावं प्रकरण, कलम ८२ ते ८७, सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचं आहे. त्यात उत्पादक आणि विक्रेता यांना वेगवेगळं मोजलं आहे. विक्रेत्यावर जबाबदारी यायला कलम ८६ मधलं काहीतरी घडावं लागतं: वस्तूत फेरफार करणं, स्वतःची वेगळी हमी देणं, उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत न पोचवणं, अशा गोष्टी. उत्पादकाचं तसं नाही. कलम ८४ प्रमाणे वस्तूच्या बनावटीत किंवा रचनेत दोष असला, दिलेल्या हमीला ती उतरली नाही, किंवा नीट वापराच्या सूचना आणि धोक्याचे इशारे पुरेसे नसले, तर तो जबाबदार. हमीच्या बाबतीत, आपला निष्काळजीपणा नव्हता हे त्याने सिद्ध केलं तरी सुटका नाही.

आणि उत्पादक कोण? दुसऱ्याने बनवलेले भाग जुळवणारा उत्पादक. दुसऱ्याच्या मालावर स्वतःचं चिन्ह लावणारासुद्धा उत्पादक. कापणं, शिवणं आणि लेबल यांनी आमचे उद्योजक त्या व्याख्येत पुरते बसत होते. ते स्वतःला शिलाई करणारा व्यापारी समजत होते, कायद्याच्या नजरेत ते ग्लायडर पायलटांच्या सुरक्षा साधनाचे उत्पादक होते.

मग त्यांनी विचारलं, तयार परदेशी कुशन आणून मूळ नावाने विकलं असतं तर? तरी पूर्ण सुटका नव्हती. मूळ उत्पादकाला भारतातून नोटीस बजावता येत नसेल, त्याला इथला कायदा लागू होत नसेल किंवा त्याच्याविरुद्धचा आदेश अमलात आणता येत नसेल, तर कलम ८६ त्याची जबाबदारी विक्रेत्याच्या खांद्यावर टाकतं. परदेशी सुरक्षा साधनं आणून विकणाऱ्या प्रत्येकाने हे कलम बिल फाडण्याआधी वाचावं.

मी त्यांना जाहिरातीचा मजकूर, चॅट, बिलं, शीटबरोबर आलेले कागद, सगळं मागितलं. दावा कुठे उभा आहे हे त्या ढिगाऱ्यात दिसलं.

जाहिरातीत ओळ होती: "पाठीच्या मणक्याला १०० टक्के संरक्षण." व्हॉट्सअ‍ॅपवर खरेदीदाराने विचारलं होतं, हार्ड लँडिंगला चालेल ना? यांचं उत्तर होतं, "बिनधास्त बसा दादा, काही झालं तरी मणका शाबूत." आपल्याकडे गिऱ्हाइकाशी असंच बोलतात, त्यात फसवण्याचा हेतू नव्हता. पण ग्राहक आयोगासमोर ती लेखी हमी ठरते. अशी हमी जगातला कुठलाही फोम पाळू शकत नाही. ठरावीक वेगापलीकडे आदळल्यावर चांगल्यात चांगल्या कुशनवरही मणका मोडतो. खरं तर हाच आमचा सर्वांत मजबूत बचाव होता: आदळण्याचा जोरच एवढा असेल की कुशनने फरक पडला नसता, तर इजेचं कारण कुशन नाही. पण हा बचाव मांडायचा म्हणजे स्वतःच लिहिलेल्या "१०० टक्के"च्या विरुद्ध उभं राहायचं. शिवाय अशा जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, ते वेगळंच.

दुसरा कागद त्याहून वाईट निघाला. फोम कंपनीचं माहितीपत्रक वितरकाने पहिल्याच ऑर्डरबरोबर ईमेलने पाठवलं होतं. तापमानाप्रमाणे कडकपणा कसा बदलतो याचा तक्ता त्यात होता, आणि मऊ थरावर ठेवून वापरू नका ही सूचनाही. उद्योजकांनी ते वाचलं होतं, त्यावरून ग्रेड निवडली होती. पण कुशनबरोबर ग्राहकाला काय गेलं? बिल आणि कव्हर कसं धुवायचं त्याची चिठ्ठी. तापलेल्या कुशनबद्दल एक अक्षर नाही, खालची गादी काढण्याबद्दल नाही.

कलम ८७ इथे फोम कंपनीच्या बाजूने उभं राहतं. दुसऱ्या उत्पादनात वापरायचा कच्चा माल विकताना खरेदीदाराला आवश्यक सूचना दिल्या असतील, तर अंतिम उत्पादनामुळे झालेल्या इजेसाठी अपुऱ्या सूचनांचा ठपका कच्चा माल बनवणाऱ्यावर येत नाही. वितरकानेही आपल्याकडे आलेल्या सूचना पुढे दिल्या होत्या. इशारा वाळूजच्या इनबॉक्सपर्यंत आला आणि तिथे थांबला.

क्लबच्या गादीवर कुशन ठेवणं हा चुकीचा वापर नाही का? उद्योजकांचा सगळा जोर या मुद्द्यावर होता, आणि त्यांची तळमळ मला कळत होती. पण गैरवापराचं ते संरक्षण कलम ८७ ने शब्दशः विक्रेत्याला दिलं आहे. उत्पादकालाही युक्तिवाद करता येतो, मात्र त्याला लगेच प्रश्न येतो: असं वापरू नका हे तुम्ही कुठे सांगितलं होतं? उघड किंवा सर्वांना माहीत असलेल्या धोक्याबद्दल इशारा द्यावा लागत नाही, हेही कायद्यात आहे. आदळलं तर पाठीला लागतं, हे उघड आहे. उन्हात तापलेल्या फोमचा आधार कमी होतो, हे कुशन घेणाऱ्या पायलटाला आपोआप कळावं अशी अपेक्षा कोणी मान्य करणार नाही.

रकमेबद्दलही त्यांची एक समजूत होती. "६,८०० च्या वस्तूवर ८५ लाख कोण देतं?" ग्राहक आयोगाची पायरी आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. ५० लाखांपर्यंत किमतीचं प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, आणि किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. ५० लाखांहून कमी किमतीची मोटार पेटून मालक दगावल्याच्या प्रकरणात पत्नीने ५० कोटींहून अधिक भरपाई मागितली होती. तेही जिल्हा आयोगाचंच काम ठरलं, आणि किमतीवर आधारलेली ही रचना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध धरली. थोडक्यात, स्वस्त वस्तू विकणाऱ्याविरुद्ध मोठा दावा लावायला समोरच्याला एक रुपया शुल्क लागत नाही, आणि याला मात्र परराज्यात तारखांना जावं लागतं.

विमा? कारखान्याला आगीचा आणि चोरीचा विमा होता. एजंटने "पब्लिक लायबिलिटीपण आहे" असं सांगितलं होतं. पाहिलं तर ती १९९१ च्या कायद्याखालची पॉलिसी होती. ती घातक रसायनं हाताळताना होणाऱ्या अपघातांसाठी असते, विकलेल्या मालासाठी नाही. या दोन्हींतला गोंधळ मी सतत पाहतो.

त्यातही धंदा प्रोप्रायटरशिपचा. म्हणजे कारखान्यावरचा दावा तो माणसावरचाच दावा. सिडकोतलं घर आणि गंगापूर तालुक्यातला शेतीतला त्यांचा हिस्सा, सगळंच उघड्यावर. त्या रात्री त्यांच्या मोठ्या भावाचा मला फोन आला. "साहेब, वावराला काही होणार नाही ना? आमचे वडील अजून हयात आहेत." मी खोटा धीर दिला नाही. निकाल विरुद्ध गेला तर धाकट्याच्या हिश्श्यापर्यंत वसुली येऊ शकते, तुमच्या हिश्श्याला हात लागत नाही, एवढं स्पष्ट सांगितलं.

आम्ही लढायचं नाही असं ठरवलं. याला माझ्या एका वकील मित्राचा विरोध होता. कारण-परिणामाच्या मुद्द्यावर तज्ज्ञांचा अहवाल मागवू, दोन-तीन वर्षं जातील, मागणी खाली येईल, असं त्याचं म्हणणं होतं. कायद्याच्या अंगाने त्यात तथ्य होतं. पण "मणका शाबूत" हा संदेश समोरच्याच्या फोनमध्ये होता आणि माहितीपत्रक आमच्या ईमेलमध्ये होतं. त्याहीपेक्षा, अंथरुणावर पडलेला माणूस आपल्यातलाच एक पायलट होता. उद्योजक त्याला जाऊन भेटले. मी सोबत एक अट घातली होती: विचारपूस करा, कुशनवर बोलू नका. ती त्यांनी पाळली. पुढे दोन्हीकडच्या वकिलांनी बसून तक्रार दाखल होण्याआधीच तडजोड केली. दोष कबूल न करता ऑपरेशनचा खर्च आणि बुडालेल्या उत्पन्नाचा काही भाग हप्त्यांनी द्यायचा ठरलं. रक्कम सांगता येत नाही, तसं करारात आहे.

यानंतर घरच्यांचं एकच म्हणणं होतं, हे कुशन बंद करा. ट्रॅक्टरच्या सीटांवर घर चालतं, मग हा जीवघेणा शौक कशाला? मी याच्या विरोधात बोललो आणि आजही बोलेन. हे कुशन मिळालं नाही तर पायलट कुशनाविना बसणार नाही. घरातली स्पंजची उशी घेऊन बसेल, आणि ती त्याचा मणका जास्त लवकर मोडेल. अमेरिकेत १९८० च्या दशकात छोट्या विमानांच्या कंपन्या दाव्यांच्या आणि विम्याच्या ओझ्याखाली वाकल्या. सेसनाने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. १९९४ मध्ये कायदा करून छोट्या विमानांवरच्या अशा दाव्यांना १८ वर्षांची मर्यादा घातल्यानंतरच कंपनी त्या कामाकडे परतली. मधल्या काळात लोक जुनीच विमानं उडवत राहिले. चांगला माल बनवणारा घाबरून बाजूला झाला की ती जागा रिकामी राहत नाही.

म्हणून विक्री चालू ठेवली, पण तिची सगळी मांडणी बदलली. कुशनचा धंदा वेगळ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत गेला. जाहिरातीत आता "जोरात आदळल्यावर मणक्यावर येणारा भार कमी करायला मदत करतं, इजा टळेलच असं नाही" एवढंच असतं. कव्हरवर न निघणारं कापडी लेबल शिवलेलं असतं, कारण चिठ्ठी हरवते आणि मित्राच्या हाती कुशनच जातं. त्यावर लिहिलं आहे: खालची गादी काढा, सावलीत ठेवा, तापलेलं वापरू नका, पाठीमागे लावू नका. शेवटच्या सूचनेमागे वेगळा धोका आहे. उड्डाणासाठी विंचने, म्हणजे जमिनीवरच्या तार ओढणाऱ्या यंत्राने, खेचताना पाठीमागचा मऊ थर दबला तर पायलट मागे सरकतो, त्याच्याबरोबर हातातली स्टिक मागे ओढली जाते आणि ग्लायडरचं नाक एकदम वर जातं. कुशनने बैठक किती उंचावते तेही लेबलवर आहे, म्हणजे डोकं कॅनोपीला लागत नाही ना, पट्टे नीट बसतात ना, पाय पेडलला पोचतात ना, हे उड्डाणाआधी जमिनीवरच तपासता येईल. प्रत्येक नगाला क्रमांक आहे, कोणत्या शीटमधून कापला ते रजिस्टरमध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रश्नांना ठरलेला मजकूरच जातो. हे त्यांना सर्वांत जड गेलं, कारण माणूस बोलका आहे.

विम्याचं काम अर्धवट आहे. प्रॉडक्ट लायबिलिटीच्या, म्हणजे विकलेल्या मालामुळे होणाऱ्या इजेच्या, सर्वसाधारण पॉलिसीत विमानाशी संबंधित माल बहुधा वगळलेला असतो. एका एजंटने अर्जात नुसतं "सीट कुशन" लिहा म्हणून सुचवलं. ते आम्ही साफ नाकारलं, कारण माहिती लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी दाव्याच्या दिवशी नाकारली जाते. विमानविषयक विमा उतरवणाऱ्याकडून दर मागवला आहे. तो येईपर्यंत महिन्याला मोजकेच नग जातात.

याच काळात अमेरिकेतून आणि ब्रिटनमधून विचारणा आली. अमेरिकेला नकार कळवला. तिथल्या निकालाची भारतात थेट अंमलबजावणी होत नाही, त्यावर इथे नव्याने दावा लावावा लागतो, हे खरं. पण तिथे बचाव करण्याचा खर्चच कारखान्याला झेपणारा नाही. ब्रिटनचं उलट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ प्रमाणे तिथल्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयातून जवळपास इथल्याच हुकूमनाम्यासारखे वसूल करता येतात. विमा हातात आल्याशिवाय तिकडे एक नगही पाठवायचा नाही, असं ठरलं आहे.

राहिली आधी विकलेली कुशनं. तडजोडीनंतर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक खरेदीदाराला नवं लेबल आणि पत्र पाठवलं. कुशन परत करायचं असेल तर पूर्ण पैसे, असं त्यात लिहिलं. बहुतेकांनी लेबल शिवून घेऊन फोटो पाठवले, काहींनी कुशन परत केलं. दोन नग पहिल्या मालकाकडून पुढे गेले आहेत आणि त्यांचा पत्ता लागलेला नाही. त्यांच्यासाठी ग्लायडिंग क्लबांना सूचनाफलकावर लावायला पत्रक पाठवलं आहे, त्यावर जुन्या कव्हरचा फोटो आणि कारखान्याचा फोन नंबर आहे.